देवमनची राखीव जागा

नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर आमच्या बोरखेडीच्या बौद्धांनी घरातले देव सापन नदीत सोडले आणि मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. देव सोडल्याचं गावाला फार काही वाटलं नाही. ढोरं सोडल्याचं मात्र भल्लं झोंबलं. देव काही वास मारत नाही. एका घरचा बैल गोठ्यात मरून फुगला, तेव्हा गावाच्या ध्यानात आलं की बौद्ध होणं म्हणजे काय.

देवमनच्या घरी त्याच्या बापाचा ढोरं ओढायचा दोर होता. अंबाडीचा, मनगटाएवढा जाड. बाकीच्यांनी आपापले दोर जाळले. देवमननं आपला धुतला, उन्हात वाळवला आणि उकलून त्याची खाट विणली.

"याच्यावर कोन निजन?" त्याची बायको इंदूबाई नाकाला पदर लावून म्हणाली.

"मी निजतो. या दोरानं माह्या बापाले जलमभर वढलं. आता मी याच्यावर पाय पसरतो."

असा तो माणूस. बुटका, छातीनं रुंद, बोलायला कमी, आणि एकदा नाही म्हटलं की मग बैलगाडी लावून ओढला तरी हो म्हणायचा नाही. सातवी पास होता. त्या काळात आमच्याकडं सातवी पास म्हणजे पोरगा मास्तर होणार असं सगळे धरून चालत. देवमनला मास्तर व्हायचं नव्हतं, कचेरीत चपराशीही व्हायचं नव्हतं. त्याला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर व्हायचं होतं. ड्रेसर म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. जखमा धुवायच्या, किडे काढायचे, पट्ट्या बांधायच्या, बैल पाडून धरायचा. लोक म्हणत, अबे, शिकून सवरून शेणातच जातो काय. तो म्हणे, "आमच्या बापजाद्यानं मेले ढोरं पाह्यले. मले जिते पाह्याचे हायेत."

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात त्याचा चुलतभाऊ पुंजाजी बातमी घेऊन आला. जिल्ह्यात ड्रेसरच्या दोन जागा निघाल्या होत्या. एक खुली, एक राखीव. मुलाखत अमरावतीला. दोघं भाऊ एकाच शाळेतले, एकाच वयाचे, दोघंही सातवी पास. आधी दोघंही खूश झाले. मग कळलं की राखीव जागा बौद्धाला नाही. सरकारचं म्हणणं असं होतं की धर्म बदलला म्हणजे जात गेली, आणि जात गेली म्हणजे सवलतही गेली. जात गेल्याचं सरकारला कळलं होतं. गावाला अजून कळायचं होतं.

पुंजाजी म्हणाला, "हे पाय देवमन, पाटलाकडून दाखला आनू. हिंदू महार म्हनून. कागदावरचं कागदावर राहीन. घरी आपन बौद्धच."

"कागदावर एक अन घरी एक, असं कसं जमन?"

"जमवा लागते, गड्या. तुह्या घरी एक पोरगी. माह्या घरी पाच तोंडं आ करून बसले हायेत."

देवमन त्याच्यासोबत पाटलाच्या ओसरीपर्यंत गेला, कारण पुंजाजीला एकट्याला जायची लाज वाटत होती. किसनराव पाटील पान लावत बसले होते. माणूस काही वाईट नव्हता. हसून बोलायचा, अडल्यानडल्याला मदत करायचा. फक्त गाव आपल्या आज्याच्या वेळी होतं तसंच राहावं, एवढंच त्याचं म्हणणं. पुंजाजीनं दाखल्याचं सांगताच त्याचा चेहरा फुलला.

"लेहून देतो ना. काहून नाही देनार? तुमी आमचेच. मी त तवाच म्हनलो होतो, नागपूरले जाऊन कोनाचं आंग बदलत नाही. तुह्यासाठी बी लेहू काय रे देवमन?"

"मले नोको."

"काहून?"

"तुमी इतक्या खुशीनं देऊन राहिले, म्हनजे त्यात माहा तोटा असन."

पाटील खळखळून हसले. "ताठा हाय बुवा. पन पोट्ट्या, खुल्या जागेवर तुले कोन इचारते?"

"नाही इचारलं त मी इचारीन."

घरी इंदूबाईनं ऐकलं तेव्हा तिनं भाकरीचं पीठ मळता मळता एवढंच म्हटलं, "नाव मोठं झालं. आता ते तव्यावर कसं टाकाव ते बी सांगा."

पुंजाजीचा दाखला आला आणि मुलाखतीच्या थोडे दिवस आधी पाटलाची म्हातारी गाय मेली. आता दीक्षा झाल्यापासून गावातले लोक आपली मेलेली ढोरं आपल्याच बैलांना जुंपून नाल्याकडं नेत होते. शिव्या देत, पण नेत होते. पाटलानं त्या दिवशी बैल जुंपले नाहीत. त्यानं सालदाराला पुंजाजीकडं पाठवलं. निरोप असा, की सरकारी कागदावर महार हायेस त गावात बौद्ध कसा? कागद खरा असन त येऊन ढोर ने. नाही त कागद खोटा हाय असं मी अमरावतीले कळवतो.

पुंजाजी देवमनच्या दारात येऊन उभा राहिला. 

देवमन म्हणाला, "पाटलाले म्हन, कागद घे वापस."

"अन जागा?"

पुंजाजी निघून गेला. भरदुपारी, उन्हाच्या तडाख्यात त्यानं ती गाय एकट्यानं ओढली. दोर पाटलाच्याच घरचा होता. गावातून नाल्यापर्यंत जायला बराच वेळ लागला, कारण गाय भारी होती आणि पुंजाजीला सवय राहिली नव्हती. आमच्या मोहल्ल्यातली दारं बंद होती. नंतर विहिरीवर देवमन बादली घेऊन आला. त्यानं पुंजाजीच्या अंगावर पाणी ओतलं आणि वीट घेऊन त्याची पाठ घासायला लागला.

"ढोर मेलं होतं, ते कोनी तरी नेनारच होतं," देवमन म्हणाला. "मी नेलं असतं, तू नेलं असतं, त्यानं काही झिजत नाही. पन तुले बोलावलं ते जातीच्या नावानं बोलावलं."

"मले मालूम हाय," पुंजाजी म्हणाला. "पाठ घास तू."

मुलाखतीच्या दिवशी अमरावतीच्या कचेरीचा वऱ्हांडा उमेदवारांनी भरला होता. कोणी इस्त्रीचे कपडे घालून आले होते, कोणी लग्नाचा कोट. देवमन भिंतीला टेकून बसला. त्याच्या एका बाजूला ओमप्रकाश नावाचा पोरगा होता, अमरावतीच्याच, मूळच्या उत्तरेकडच्या परदेशी बामणाचा. बाप मेलेला, आई चार घरचा स्वयंपाक करायची. सदरा धुतलेला होता, पण कोपरावर विरून जाळी झालेला. दुसऱ्या बाजूला बडनेऱ्याचा कुर्बान, टांगेवाल्याचा मुलगा, घोड्यांच्या पायात वाढलेला.

चपराशी आला आणि ओरडून गेला, राखीववाले त्या खोलीत बसा, खुलेवाले इथंच थांबा. पुंजाजी उठून गेला. देवमन हलला नाही.

ओमप्रकाशनं त्याच्याकडं पाहिलं. "तू त्याच्यासंगच आला ना? मंग जा ना तिकडं, भाऊ."

"मी खुल्यातला."

"तुमच्यासाठी सरकारनं वेगळी जागा ठेवली. ते सोडून आमच्या एका जागेवर बी तूच?"

"आमची म्हनजे कोनाची? खुली जागा म्हनजे तुमची, हे तुले कोनं सांगतलं?"

ओमप्रकाश चिडला. "माही माय दुसऱ्याच्या चुली फुकून राहिली. तिचे डोळे गेले धुरानं. मी बी गरीबच हाय. माह्यासाठी कोनी राखून ठेवली जागा?"

देवमननं त्याच्या कोपराकडं पाहिलं. पोरगा खोटं बोलत नव्हता, त्याचा सदराच सांगत होता.

"तुही माय गरीब हाय, हे खरं," तो म्हणाला. "पन ते ज्याच्या चुलीपाशी बसते, ते लोक तिच्या हातचं जेवतेत. माही माय त्या चुलीपाशी गेली असती, त तिले पयले हाकललं असतं अन मंग चूल फोडली असती. तुही गरिबी अन माही गरिबी एकच. त्याच्या वरतं जे हाय, ते एक नाही."

"ते मी नाही केलं."

"तू केलं असं मी बी नाही म्हनत."

"मंग मले काहून शिक्षा?"

"तुह्या शेजारी बसलो, याले शिक्षा म्हनते काय तू?" देवमन त्याच्याकडं वळून बसला. "राखीव जागेवर गेलो त तुमी म्हनता, मागच्या दारानं आला. खुल्या जागेवर आलो त म्हनता, आमच्या दारात काहून उभा. मंग भित पाडून येऊ काय?"

कुर्बान इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "भाई, तुम दोनो के पास झगडने के वास्ते एक-एक जागा तो है. मेरेकू बताव, मैं किसपे झगडूं?"

तिघंही हसले. ओमप्रकाशला हसायचं नव्हतं, पण आलं. कुर्बाननं खिशातून फुटाणे काढले आणि तिघांत वाटले. ओमप्रकाशनं आधी डावीकडं उजवीकडं पाहिलं, आणि मग घेतले.

आत तीन साहेब बसले होते. मधला देशावरचा, पुण्याकडचा.

"नाव?"

"देवमन गोंडूजी तायडे."

"जात?"

"बौद्ध."

"तो धर्म झाला. पूर्वीचे कोण?"

"पूर्वीचं पूर्वी सरलं, साहेब."

"जरा शुद्ध बोला."

"ढोराले असंच समजते, साहेब."

कडेचा एक साहेब हसला आणि खोकल्यासारखं करून थांबला. मग सगळ्यांना आवारात नेऊन बैल पाडायला सांगितला. देवमननं पाडला. कुर्बाननं पाडला. ओमप्रकाशला बैलानं आवारभर फरफटवलं, त्याचं धोतर फाटलं, पण त्यानं दोर सोडला नाही आणि शेवटी बैल खाली घेतला. हेही सांगायला पाहिजे, कारण देवमन स्वतः नेहमी सांगायचा.

परत आत बोलावल्यावर मधल्या साहेबानं विचारलं, "दवाखान्यात जनावरं मरतात. ती उचलावी लागतात. तुम्हाला सवय असेलच."

"हे सगळ्याइले इचारलं काय, साहेब?"

"मी तुम्हाला विचारतो आहे."

"त सगळ्याइले इचारा. ते हो म्हनले त माहं बी हो."

साहेबानं कागद उलटा ठेवला. खुली जागा ओमप्रकाशला मिळाली, राखीव पुंजाजीला. कुर्बानला काही मिळालं नाही. बाहेर टांग्याच्या अड्ड्यावर तो देवमनला म्हणाला, "तेरा तो अच्छा हुआ. मेरेकू तो मरे जानवर का भी नहीं पूछा."

गावात लोक देवमनला विचारत, मंग काय, हरला ना? तो म्हणे, "हरायसाठी आखाड्यात उतरा लागते. मले उतरूच नाही देल्लं." ओमप्रकाशबद्दल तो वाईट बोलत नसे. त्याचं म्हणणं वेगळं होतं. तिघांतून एक निवडला असता तर त्यानं मान्य केलं असतं. पण तिघांतून निवडलाच नव्हता. एकाला आधीच बाजूला काढून ठेवलं होतं आणि मग दोघांतून निवडला होता, आणि त्या दोघांतही कुर्बानचं नाव पाहून साहेबानं पेन खाली ठेवलं होतं. हे देवमननं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण त्याला कोणी सांगायची गरजही नव्हती.

पुढची वर्षं तो धारणीच्या रस्त्यावर गिट्टी फोडायला होता. इंदूबाई पाटी उचलायची. ती त्याला रोज टाकून बोलायची. "तुमच्या नावाचे गोटे भल्ले जड हायेत वो," म्हणायची आणि पाटी डोक्यावर घेऊन निघून जायची. एकदा मुकादमानं तिला सांगितलं, तुह्या नवऱ्याले म्हन, अजून बी दाखला आनला त कुठी तरी लागन. तर तिनं मुकादमालाच झाडलं. "आमच्या घरचं आमी पाहू. तू तुही गिट्टी मोज." हे देवमनला दुसऱ्याकडून कळलं. तिनं घरी सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही.

पुंजाजीची नेमणूक धारणीलाच होती, दवाखान्यात. कधी कधी तो रस्त्याच्या कामावर येऊन देवमनशेजारी बसायचा. अंगात खाकी, पायात चप्पल. एकदा म्हणाला, "दवाखान्यात जनावर मेलं की मलेच हाक मारतेत."

"दुसरा ड्रेसर नाही काय?"

"हाय ना. तो म्हनते, तुही जागाच त्याच्यासाठी हाय. डॉक्टर आयकते अन गप राहते."

"मंग सोड."

"नाही सोडत." पुंजाजीनं एक गोटा उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. "माही पोरगी चवथीत गेली. तू बाहीर राहून ताठ राहिला. मी वाकलो, पन आत हाओ."

"मी तुले बोल लावला काय कवा?"

"नाही लावला. लावला असता त बरं झालं असतं. भांडता त आलं असतं."

मग नवीन राज्य झालं, आणि काही दिवसांनी या सरकारनं बौद्धांनाही सवलत लागू केली. जातीचा जुना शब्द लिहायची गरज राहिली नाही. बौद्ध लिहा आणि राखीव जागेवर या. एकसष्टच्या हिवाळ्यात ड्रेसरच्या जागा पुन्हा निघाल्या. त्यातली एक राखीव जागा परतवाड्याची होती. मुलाखती या खेपेला अकोल्याला होत्या.

देवमननं अर्ज केला तेव्हा गावात भल्ली चर्चा झाली. किसनराव पाटील पारावर बसले होते. त्यांनी चारचौघांत हाक मारली.

"काय रे देवमन, तवा त राखीव जागा नोको होती तुले. आता काहून हात पसरला? ताठा सरला काय?"

"पाटील, मी राखीव जागा नोको असं कवा म्हनलो?"

"मंग काय म्हनला होता?"

"तुमचा दाखला नोको म्हनलो होतो. जागा तवा बी माहीच होती. त्याच्यासाठी नाव इकाले सांगत होते, ते मी इकलं नाही. आता बिनइकल्याची देऊन राहिले. घेतो."

"म्हनजे सवलत घेनारच."

"घेनार. तुमच्या वाड्यातल्या पाटिलकीसाठी तुमी कोन्ती मुलाखत देल्ली होती?"

पारावरचे दोघं तिघं हसू दाबत इकडं तिकडं पाहायला लागले. पाटलांनी पान थुंकलं आणि विषय बदलला.

एलिचपूरहून बारक्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं अकोला. स्टेशनाबाहेर टांगे लागलेले होते आणि पहिल्याच टांग्यावर कुर्बान बसलेला होता. सासुरवाडी अकोल्याची, त्यामुळं इकडं आलेला. त्यानं देवमनला ओळखलं.

"इस बार दरवाजा मिला क्या?"

"मिळाला. माह्या नावाचा."

"अच्छी बात है. बैठ."

देवमन वाटेत म्हणाला, "तू बी मांग ना सरकारले. तुह्यासंग बी तेच झालं."

"मांगूंगा. पहले घोडे का चारा मांग लूं," कुर्बान म्हणाला, आणि कचेरीपाशी उतरवून भाडं न घेता निघून गेला.

अकोल्याचे साहेब वेगळे होते. त्यांनीही मेलेल्या जनावराचं विचारलंच. देवमन म्हणाला, "ज्याच्या ज्याच्या आंगावर खाकी हाय, त्या सगळ्याइची पाळी लावत असान, त माही पाळी पयली लावा. मी एकटाच असन त नाही." साहेबानं म्हटलं, "ठीक आहे. पाळी लावतात." लावतात की नाही हे त्यालाही माहीत नसावं. पण नेमणुकीचा हुकूम आला.

परतवाड्याच्या दवाखान्यात देवमन सकाळीच पोचला. इंदूबाईनं सदरा धुऊन दिला होता. ओसरीत टेबलाशी बसला होता ओमप्रकाश. तो बदलीनं इथं आला होता, सीनियर ड्रेसर होता, आणि दवाखान्याला कारकून नसल्यामुळं लिहिण्याचं कामही त्याच्याचकडं होतं. अंगानं भरला होता. दोघांनी एकमेकाला पाहिलं.

"आला तू," ओमप्रकाश म्हणाला.

"आलो."

"राखीववर."

"हाव, राखीववर."

ओमप्रकाशनं देवमनचा हुकूम घेतला, नोकरीचं पुस्तक उघडलं, नाव लिहिलं, गाव लिहिलं, जातीच्या रकान्यात हरिजन असं लिहिलं, आणि सहीसाठी पुस्तक फिरवलं.

देवमननं वाचलं. "हे खोड."

"काहून? सवलतीचा मानूस म्हनजे हरिजनच. सगळ्याइचं असंच लेहितो."

"हुकमात काय लेहिलं ते पाय. बौद्ध लेहिलं हाय."

"अबे, फरक काय पडते? पगार तेवढाच."

"फरक पडत नाही त खोड अन बौद्ध लेह."

ओमप्रकाशनं लेखणी खाली ठेवली. "सही करत नसशील त तू हजर झाला असं मी लेहीत नाही. मंग बस."

"बसतो," देवमन म्हणाला, आणि ओसरीच्या पायरीवर जाऊन बसला.

डॉक्टर आत एका म्हशीला औषध पाजत होते. त्यांच्या कानावर हे गेलं, पण त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. लोक ढोरं घेऊन येत राहिले. देवमन पायरीवर बसून होता. लोकांना वाटलं, हा कोणाच्या तरी बैलाबरोबर आला असेल. ओमप्रकाश अधूनमधून बाहेर पाहायचा. दुपार झाली, तो डबा उघडून जेवला. देवमननं आपली भाकर तिथंच पायरीवर सोडली आणि जेवला.

दुपारनंतर चांदूर बाजारकडचा एक शेतकरी बैल घेऊन आला. शिंग बुडापासून मोडलेलं, आत किडे, बैल वेदनेनं पिसाळलेला. मालकाच्या हातचा कासरा त्यानं हिसकला आणि आवारात गरागरा फिरायला लागला. डॉक्टर ओरडले, पाडा त्याला. ओमप्रकाश दोर घेऊन धावला. एकट्यानं तो बैल पडणार नव्हता. एकदा त्यानं फास टाकला, बैलानं मान झटकून तो काढला. दुसऱ्यांदा ओमप्रकाश कुंपणावर आदळला.

देवमन उठला. त्यानं दोराचं दुसरं टोक घेतलं. दोघांनी एकमेकाकडं न पाहता बैल खाली घेतला. देवमन डोक्यावर बसला, ओमप्रकाशनं पाय बांधले, डॉक्टरनं जखम साफ केली. शिंगाच्या बुडातून किडे काढता काढता देवमनचा सदरा पुवानं आणि टर्पेंटाइननं भरला. बैल उठला, मालक त्याला घेऊन गेला. देवमननं हात धुतले आणि परत पायरीवर जाऊन बसला.

ओमप्रकाश कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभा राहिला. कोपर सोललेलं होतं. "आता काय? काम त केलं ना. नोकरी सुरू झाली तुही. कर सही."

"ते बैलाचं काम होतं. कोन्या बी गाववाल्यानं केलं असतं. सरकारचं काम मी नाव लेहिल्यावर करीन."

"अन उद्या?"

"उद्या बी इथंच बसतो. ही पायरी कोनासाठी राखीव हाय काय?"

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. थकलेले होते. त्यांनी पुस्तक पाहिलं, हुकूम पाहिला, आणि म्हणाले, "लिहा हो बौद्ध. हुकमात आहे ते लिहा. मला उद्या माणसं लागणार आहेत, भांडणं नाही."

ओमप्रकाशनं पहिला शब्द खोडला. नीट, पट्टी लावून खोडला, कारण तो कामात चोख होता. बाजूला बौद्ध लिहिलं. मग पुस्तक फिरवत दातांत म्हणाला, "जागा राखीव, अन तोरा खुल्याचा."

"जागा माही हाय," देवमन म्हणाला. "तोरा बी माहाच हाय."

त्यानं सही केली. सही करताना तो घाई करायचा नाही, एकेक अक्षर पाडून लिहायचा. तायडेमधली शेवटची मात्रा देऊन झाल्यावर त्यानं शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडं ठेवलं.

"मेल्या जनावराची पाळी कशी लावली हाय?" त्यानं विचारलं.

"पाळी नाही," ओमप्रकाश म्हणाला.

"मंग आता लावू. पयली माही लेह, दुसरी तुही."

डॉक्टर दारातच उभे होते. ओमप्रकाशनं कोरा कागद ओढला आणि त्यावर दोन नावं लिहिली.